उशिरा उमटणारा आजार आणि मुदतीचा कायदा: ॲस्बेस्टॉसग्रस्तांची भरपाई

ॲस्बेस्टॉसमुळे झालेल्या आजाराची भरपाई मागायला येणारा कामगार बहुधा निवृत्त झालेला असतो. धूळ त्याच्या छातीत गेली ती पंचविशी-तिशीत आणि दम लागू लागला तो साठी उलटल्यावर. मधल्या काळात कारखाना बंद पडलेला असतो, कंपनीचे नाव बदललेले असते आणि मस्टरची पुस्तके रद्दीत गेलेली असतात. भरपाईचा कायदा मात्र मुदत पाहतो आणि पुरावा मागतो. जगभरात गेल्या शंभर वर्षांत या विषयावर जे खटले लढले गेले आणि जे कायदे झाले, त्यांतले बरेचसे या एकाच अडचणीतून वाट काढण्यासाठी झाले.

ॲस्बेस्टॉस खाणीतून निघते. तंतूंच्या रूपात सापडणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांना मिळून हे नाव आहे. पांढरे क्रायसोटाइल, निळे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट यांचा व्यापार सर्वांत मोठा झाला. हे तंतू जळत नाहीत, सडत नाहीत, आम्लांना बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि सुतासारखे विणता येतात. म्हणून बॉयलरच्या आवरणापासून गाड्यांच्या ब्रेक लायनिंगपर्यंत आणि जहाजाच्या इंजिनखोलीपासून घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यापर्यंत ते सगळीकडे पोहोचले. तंतू तुटताना इतका बारीक होतो की डोळ्याला दिसत नाही. श्वासावाटे तो फुप्फुसात खोल जातो आणि शरीराला तो विरघळवता येत नाही. ॲस्बेस्टोसिसमध्ये फुप्फुसाच्या पेशींच्या जागी व्रणासारखे कठीण ऊतक तयार होते आणि श्वास आखडत जातो. फुप्फुसाचा कर्करोग होतो; तंबाखूचे धूम्रपान करणाऱ्यांत त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग ॲस्बेस्टॉसखेरीज क्वचितच होतो. कायद्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण येथे आजाराचे नावच त्याच्या कारणाकडे बोट दाखवते. संपर्क आणि मेसोथेलिओमा यांच्यात साधारणपणे २० ते ४० वर्षे जातात, कधी त्याहून अधिक.

ॲस्बेस्टॉसच्या आजारासाठी मागितलेली अगदी सुरुवातीची एक भरपाई नाकारली गेली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. ‘ॲस्बेस्टॉसची विषबाधा’ असा कोणताही आजार त्यावेळच्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत नव्हता. त्याच आधारावर कंपनीने जबाबदारी झटकली आणि अंत्यविधीचा खर्चही दिला नाही. तिच्या फुप्फुसाची तपासणी करणारे डॉक्टर विल्यम कुक यांनी त्याच वर्षी आपले निष्कर्ष छापले आणि १९२७ मध्ये या आजाराला ॲस्बेस्टोसिस हे नाव दिले. पुढे मेरेवेदर आणि प्राइस यांनी सरकारसाठी कारखान्यांची पाहणी केली. त्यांचा १९३० चा अहवाल इतका स्पष्ट होता की पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये धूळनियंत्रणाचे नियम आणि ॲस्बेस्टोसिससाठी भरपाईची योजना दोन्ही आले. म्हणजे १९३१ नंतर धोका ठाऊक नव्हता असे म्हणायला उद्योगाला जागा उरली नव्हती. तरीही ॲस्बेस्टॉसचा सर्वाधिक वापर त्यानंतरच्या पन्नास वर्षांत झाला, आणि आजचे बहुतेक दावे त्याच पन्नास वर्षांतल्या संपर्काचे आहेत.

भरपाई मिळवण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला वैधानिक भरपाईचा. त्यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही. काम, आजार आणि दोघांचा संबंध एवढे सिद्ध झाले की कोष्टकानुसार रक्कम मिळते, पण ती तुटपुंजी असते. दुसरा दिवाणी दाव्याचा. त्यात निष्काळजीपणा किंवा सदोष वस्तू सिद्ध करावी लागते, वेळ लागतो, मात्र वेदना, उत्पन्न, शुश्रूषा या सगळ्याचा हिशेब होऊ शकतो. तिसरा निधीचा: जबाबदार कंपनी बुडाली किंवा सापडतच नाही, तेव्हा तिच्या मालमत्तेतून, विमा उद्योगाकडून वा सरकारकडून उभारलेल्या न्यासाकडे अर्ज करायचा.

दुसऱ्या मार्गाचा कस अमेरिकेत लागला. टेक्सासमध्ये १९३६ पासून १९६९ पर्यंत तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि गोद्यांत उष्णतारोधक आवरणे बसवण्याचे काम करणाऱ्या क्लॅरेन्स बोरेल यांनी मालकावर नव्हे, तर ते आवरण बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. निकाल लागेपर्यंत ते हयात नव्हते. १९७३ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निर्णय कायम केला. वस्तू बनवणाऱ्याला आपल्या वस्तूविषयी तज्ज्ञाइतके ज्ञान असले पाहिजे आणि धोका वापरणाऱ्याला सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, हे त्या निकालाचे सार होते. त्यानंतर दाव्यांची रीघ लागली. १९७७ च्या सुमारास काही कंपन्यांमधला १९३० च्या दशकातील पत्रव्यवहार वकिलांच्या हाती आला आणि आजाराची माहिती बाहेर फुटू नये म्हणून काय चालले होते ते न्यायालयापुढे उघड झाले. कागद जपून ठेवले गेले होते म्हणून हे घडू शकले.

१९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल ही अमेरिकेतील सर्वांत मोठी ॲस्बेस्टॉस कंपनी चालू धंद्यात असतानाच दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, मुख्यतः येणाऱ्या दाव्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून. तिच्या मालमत्तेतून १९८८ मध्ये पीडितांसाठी न्यास उभा राहिला आणि १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने हा नमुना दिवाळखोरी कायद्यात घातला. अजून आजारी न पडलेल्या, पण पुढे पडणार असलेल्या माणसांसाठीही पैसे राखून ठेवायचे, ही त्यातील कल्पना खरोखर मोलाची आहे. प्रत्यक्षात दावे अंदाजाच्या कितीतरी पट आले आणि मॅनव्हिल न्यासाला ठरलेल्या रकमेच्या दहा टक्के किंवा त्याहूनही कमी वाटप करावे लागले.

ब्रिटनमधील न्यायालयांपुढे वेगळे कोडे आले. बांधकाम किंवा गोदीत काम करणारा माणूस आयुष्यात पाच-सहा मालकांकडे राबतो आणि सगळीकडे त्याला धूळ मिळते. मेसोथेलिओमा कोणत्या मालकाकडच्या तंतूंनी झाला, हे वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही. मग प्रत्येक मालक दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि नेहमीच्या पुराव्याच्या नियमाने सगळेच सुटतात. २००२ मध्ये फेअरचाइल्ड प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हा अन्याय ओळखला: ज्या मालकाने निष्काळजीपणाने आजाराचा धोका लक्षणीय वाढवला, तो जबाबदार. २००६ मध्ये त्याच सभागृहाने दुसऱ्या खटल्यात ही जबाबदारी मालकांमध्ये हिश्श्याने वाटली, म्हणजे बुडालेल्या मालकाचा हिस्सा पीडिताच्याच माथी आला. काही आठवड्यांत संसदेने कायदा करून तो निर्णय फिरवला; मेसोथेलिओमापुरती पूर्ण रक्कम आता कोणत्याही एका जबाबदार मालकाकडून घेता येते. मालक आणि त्याचा विमा दोन्ही सापडत नसतील, तर २०१४ च्या कायद्याने विमा कंपन्यांच्या वर्गणीतून रक्कम दिली जाते.

मुदतीचा प्रश्नही ब्रिटनमध्ये नीट हाताळला गेला. १९६३ मध्ये सिलिकोसिसच्या एका खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सला म्हणावे लागले की फुप्फुसाला इजा झाली त्या दिवसापासून मुदत मोजली जाते, मग रोग्याला त्याचा पत्ता असो वा नसो. दावा करता येतो हे कळण्याआधीच दावा मेलेला. हा निकाल देताना न्यायाधीशांनाही तो अन्याय्य वाटला होता, आणि संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला. आज तिथे तीन वर्षांची मुदत आजार आणि त्याचे कारण समजल्या दिवसापासून चालू होते. हा बदल नसेल तर काय होते ते इटलीत दिसले. कासाले मोन्फेर्रातो या गावातील सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच्या धुळीने कामगारच नव्हे तर गावकरीही मेले. तूरिनच्या न्यायालयांनी २०१२ आणि २०१३ मध्ये कंपनीच्या माजी प्रमुखाला दोषी ठरवले, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून शिक्षा रद्द केली आणि तिच्यासोबत पीडितांना मंजूर झालेली भरपाईही गेली.

कुटुंबीयांचा हक्क दोन प्रकारे उभा राहतो आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. कामगार मेला तर त्याची पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील वारस म्हणून भरपाई मागतात. पण कधी आजार थेट कुटुंबातल्या माणसालाच होतो. नवऱ्याचे धुळीने माखलेले कामाचे कपडे झटकून धुणारी बायको, कामावरून आलेल्या बापाच्या कुशीत शिरणारे मूल, कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारे शेजारी यांनाही मेसोथेलिओमा होतो, हे लंडनमधील रुग्णांच्या १९६५ च्या अभ्यासातून पुढे आले. हे लोक कोणाचे नोकर नसतात, त्यामुळे कामगार भरपाई कायदा त्यांना लागू होत नाही. लीड्समधील आर्मली भागात कारखान्याच्या अंगणात ॲस्बेस्टॉसच्या धुळीत खेळलेल्या मुलांना पुढे मोठेपणी आजार झाला. १९९५ मध्ये इंग्लिश न्यायालयाने कंपनीला त्यांच्याबाबतही जबाबदार धरले. जपानमध्ये आमागासाकी शहरातील कारखान्याभोवतीच्या रहिवाशांचे आजार २००५ मध्ये उघड झाले आणि दुसऱ्याच वर्षी कामगार विम्याच्या बाहेर राहिलेल्यांसाठी मदतीचा कायदा झाला. भारतात असा कायदा नाही. येथे अशा कुटुंबीयाला दिवाणी न्यायालयाचा किंवा हरित न्यायाधिकरणाचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

भारतात ॲस्बेस्टॉसवर बंदी नाही. खाणींना नवे भाडेपट्टे देणे १९८६ मध्ये थांबले, पण क्रायसोटाइल रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून आयात होते आणि पत्र्यांचे कारखाने चालू आहेत. देशातील पीडितांचा सर्वांत मोठा आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेल्या याचिकेवर न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश दिला. या खनिजाचा स्वभाव ओळखून दिलेला हा आदेश आहे. सर्व कामगारांचा आरोग्यविमा सक्तीचा केला. गुजरातमधील कामगारांची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून फेरतपासणी करून ज्यांना ॲस्बेस्टोसिस आढळेल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये तीन महिन्यांत द्यावेत, असे सांगितले. २०११ मध्ये संपूर्ण बंदी मागणारी दुसरी याचिका न्यायालयाने फेटाळली, पण १९९५ च्या आदेशांचे बंधन कायम असल्याचे पुन्हा बजावले.

वैधानिक भरपाईचा पाया १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने घातला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टोसिस आहे आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमाही आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कायद्याची आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याची जागा घेतली असली, तरी भरपाईचा सांगाडा तोच आहे. कामगार ईएसआयखाली विमाधारक असेल तर भरपाई मालकाकडून न मिळता ईएसआय महामंडळाकडून, विशेष वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर मिळते. दोन्हीकडून घेता येत नाही. विमा नसेल तर मालक देतो. कंत्राटदारामार्फत काम केले असेल तरी मूळ मालक जबाबदार असतो, आणि मुंबईच्या दारूखान्यात किंवा अलंगला जुनी जहाजे तोडणाऱ्या कामगारांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. भरपाईचा हक्क सोडून देत असल्याचा कागद कोणी सही करून घेतला असेल, तर तो कायद्याने रद्दबातल ठरतो.

रक्कम मोजण्याचे सूत्र साधे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के, आणि तिला वयानुसार ठरलेल्या घटकाने गुणायचे. वय ३० असेल तर हा घटक २०७.९८ असतो, वय ६० असेल तर ११७.४१. जुन्या कायद्याखाली २०२० पासून वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. त्या हिशेबाने साठाव्या वर्षी मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ८,८०,५७५ रुपये मिळत. यंत्रात सापडून हात गेलेल्या तरुणासाठी हे कोष्टक बनवले गेले. ॲस्बेस्टॉसच्या रोग्याला ते उलटे बसते. इजा तिशीत झाली, पण ती उशिरा दिसली म्हणून रक्कम जवळजवळ निम्म्यावर येते.

मुदतीचे कलम याहून कठोर आहे. अर्ज दोन वर्षांत करायचा. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळल्या दिवसापासून मुदत धरली जाते, असे १९२३ च्या कायद्याचे दहावे कलम सांगत होते. पण मेसोथेलिओमा निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी आला तर? पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना आहे आणि वकिलाला सगळा भर तिथेच द्यावा लागतो: आजार आताच कळला, त्याचे कारण डॉक्टरांनी आताच लिहून दिले, त्याआधी अर्ज करणे शक्यच नव्हते. ब्रिटनने १९६३ मध्ये सोडवलेला प्रश्न भारतात अजून अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेला आहे. कायद्यातच दुरुस्ती व्हायला हवी.

तोवर दाव्याची ताकद कागदांवर अवलंबून राहते, आणि ते कागद जमवण्याचे काम बहुधा घरच्यांनाच करावे लागते. पहिला कागद निदानाचा. भारतात धुळीच्या आजाराला अनेकदा क्षयरोग समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधे दिली जातात. थुंकीत जंतू न सापडताही उपचार चालू असतील, तर छातीचा सीटी स्कॅन आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी करून घ्यावी लागते. डॉक्टरांना कोणते काम किती वर्षे केले हे सांगून ते केसपेपरवर लिहून घेतले पाहिजे. ‘फुप्फुसाचा आजार’ एवढीच नोंद असलेला दाखला फारसा उपयोगाचा नाही. कर्करोगात बायोप्सीचा तुकडा व अहवाल जपून ठेवावा आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण नेमके लिहिले गेले आहे ना ते पाहावे. मुंबईत घाटकोपरच्या एका जुन्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची तपासणी स्वतंत्र डॉक्टरांनी केली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष शोधपत्रिकेत छापून आले, तेव्हाच तिथल्या ॲस्बेस्टोसिसच्या रुग्णांचे खरे प्रमाण पुढे आले. युनियनने किंवा माजी कामगारांनी एकत्र येऊन करवून घेतलेल्या तपासणीला एकट्या रुग्णाच्या दाखल्यापेक्षा जास्त वजन येते.

दुसरा पुरावा कामाचा. मस्टर गेले तरी भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात मालकाचे नाव आणि महिने राहतात. ईएसआय कार्ड, नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, ग्रॅच्युइटीचा हिशेब, युनियनची वर्गणी पावती, गेटपास यांतले काहीही चालते. खात्याचे नाव, यंत्राचे नाव आणि धूळ कशी उडत असे हे सांगणारी दोन-तीन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे त्यांच्या हयातीत घेऊन ठेवणे फार गरजेचे असते, कारण साक्षीदारही त्याच धुळीतले असतात. ॲस्बेस्टोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. कारखान्याचा व्यवस्थापक आणि उपचार करणारा डॉक्टर दोघांवरही ते बंधन आहे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून कारखान्याच्या तपासण्यांचे अहवाल मागता येतात, आणि १९९५ च्या निकालाचा हवाला देऊन कंपनीकडे स्वतःची आरोग्यनोंद मागता येते. ती नोंद कंपनीने ठेवलीच नसेल, तर तेही लेखी उत्तरात घ्यावे. न्यायालयाच्या आदेशाचा भंग झाल्याचा तो पुरावा ठरतो.

मूळ कंपनी परदेशी असेल तर तिच्या देशातही दार ठोठावता येते. दक्षिण आफ्रिकेतील खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबांनी केप या ब्रिटिश कंपनीवर थेट लंडनमध्ये दावा केला. मायदेशात वकिलाचा खर्च परवडणार नाही आणि न्याय मिळणार नाही, हे म्हणणे मान्य करून हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये खटला तिथेच चालू दिला. २००३ मध्ये सुमारे साडेसात हजार दावेदारांसाठी ७५ लाख पौंडांवर तडजोड झाली. माणशी रक्कम लहान असली, तरी मूळ कंपनीला हात झटकता आले नाहीत.

वकिलाच्या खर्चाची भीती दावा न होण्याचे मोठे कारण असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या बाराव्या कलमाप्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. स्त्रियांनाही उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे कामगाराची विधवा किंवा स्वतः आजारी पडलेली त्याची पत्नी हा हक्क मागू शकते. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात मालकाने दिली नाही, तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे त्यावर १२ टक्के व्याज चढत असे आणि योग्य कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसत असे. आदेशाविरुद्ध मालकाला साठ दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते, पण त्याआधी आदेशाची रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते.